ओंटारिओत नव्याने येणाऱ्या दिव्यांगांसाठी: पहिल्या वर्षात एकटे पडू नये म्हणून काय करावे

कॅनडात स्थायिक व्हायला निघालेल्या कुटुंबाला माहितीची टंचाई नसते. एक्स्प्रेस एंट्रीचे गुण, बँकेचे खाते, वाहन परवाना, हिवाळी कपडे या सगळ्यांवर मराठीतही भरपूर लिहिले गेले आहे. मात्र घरातील एक जण चाकाच्या खुर्चीवर असेल, कोणाला दिसत किंवा ऐकू येत नसेल, मूल स्वमग्न असेल, तर पहिल्या दिवसापासून काय करायचे हे सांगणारे फारसे कोणी भेटत नाही. मला लहानपणी पोलिओ झाला. दोन्ही पायांना कॅलिपर आणि हातात कुबड्या अशा अवस्थेत मी पतीबरोबर ओंटारिओ प्रांतात आले, आणि ज्या गोष्टी मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेल्या त्या इथे क्रमाने मांडत आहे. तपशील टोरांटो आणि आसपासच्या शहरांचे आहेत. दुसऱ्या प्रांतात योजनांची नावे आणि नियम बदलतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगते. इथे दिव्यांग माणसाला तोंडावर कोणी ‘येऊ नका’ असे सहसा म्हणत नाही. तो एकटा पडतो तो हळूहळू, आणि त्यात घरच्यांच्या काळजीचाही मोठा वाटा असतो. पहिल्या वर्षात सगळे फोन, सगळे अर्ज, सगळ्या भेटीगाठी घरातील धडधाकट माणूस करतो. ‘बाहेर बर्फ आहे, तू घरीच थांब’ हे वाक्य रोजचे होते, आणि वर्ष संपते तेव्हा दिव्यांग माणसाच्या नावावर ना डॉक्टर असतो, ना बसचे कार्ड, ना स्वतःची एक ओळख. म्हणून खालील प्रत्येक पायरीवर एकच आग्रह धरा: कागद दिव्यांग व्यक्तीच्या नावाने असावा आणि शक्य तेथे बोलणेही तिनेच करावे.

१. अर्ज करण्यापूर्वी वैद्यकीय अट समजून घ्या

कॅनडाच्या स्थलांतर कायद्याच्या ३८ व्या कलमानुसार, एखाद्याच्या प्रकृतीमुळे सरकारी आरोग्यसेवा किंवा समाजसेवांवर अवाजवी खर्चाचा भार पडेल असे वाटल्यास त्याचा अर्ज नाकारता येतो. नोकरी किंवा कौशल्याच्या प्रवर्गातून अर्ज करणाऱ्या कुटुंबात एका जरी सदस्याबाबत असा निष्कर्ष निघाला, तरी सगळ्या कुटुंबाचा अर्ज अडतो. २०१६ साली टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठात शिकवणाऱ्या, कोस्टारिकाहून आलेल्या एका प्राध्यापकाच्या कुटुंबाला मुलाच्या डाउन सिंड्रोममुळे नकार मिळाला होता. त्यावर मोठी चर्चा झाली आणि तो निर्णय फिरवण्यात आला. पुढे २०१८ मध्ये खर्चाची मर्यादा जवळपास तिप्पट करण्यात आली आणि विशेष शिक्षण, पुनर्वसन, वैयक्तिक मदतनीस यांसारख्या सेवा या हिशेबातून वगळल्या गेल्या. २०२५ साठी ही मर्यादा वर्षाला २७,१६२ डॉलर होती. ती दरवर्षी बदलते. त्यामुळे आज केवळ मूल स्वमग्न आहे किंवा चाकाची खुर्ची लागते, एवढ्या कारणाने नकार येण्याची शक्यता पूर्वीपेक्षा बरीच कमी आहे. महागडी औषधे किंवा डायलिसिस यांबाबत मात्र प्रश्न अजून उभा राहतो.

कुटुंब प्रवर्गातून पती, पत्नी किंवा मुलांना बोलावले जात असेल, तर त्यांना ही खर्चाची अट लागू नाही. निर्वासितांनाही नाही.

शंका आल्यास स्थलांतर खाते एक पत्र पाठवते आणि उत्तरासाठी ९० दिवस देते. हे पत्र म्हणजे नकार नव्हे. प्रत्यक्षात कोणती सेवा लागेल, तिचा खर्च किती आणि तो कोण उचलणार, याचा आराखडा पुराव्यांसह द्यायचा असतो. प्रत्येक अर्जदाराची परिस्थिती स्वतंत्रपणे, कुटुंबाची खर्च करण्याची तयारी आणि ऐपत लक्षात घेऊन तपासली पाहिजे, असा निर्णय कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली हिलेविट्झ प्रकरणात दिला आहे. या टप्प्यावर मात्र परवानाधारक वकिलाचा सल्ला अवश्य घ्या.

इथे दोन सापळे आहेत. पहिला, एजंटाच्या सांगण्यावरून अपंगत्व लपवणे: खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास पाच वर्षे अर्जच करता येत नाही. दुसरा त्याहून वाईट आहे. काही कुटुंबे दिव्यांग मुलाला आजीआजोबांकडे ठेवून त्याचे नावच अर्जात घालत नाहीत, ‘नंतर बोलावू’ असे म्हणतात. ज्या मुलाची मूळ अर्जात नोंद आणि तपासणी झालेली नाही, त्याला पुढे कुटुंब प्रवर्गातून आणण्याचा मार्ग सहसा बंद होतो. सोबत येणार नसला तरी प्रत्येक मुलाचे नाव अर्जात द्या.

२. निघण्यापूर्वी कागद जमवा, पण टक्केवारीवर विसंबू नका

आपल्याकडे सगळे काही टक्क्यांवर ठरते. जिल्हा रुग्णालयाचे प्रमाणपत्र, त्यावरचे ४० टक्के, यूडीआयडी कार्ड, आणि मग एसटीची सवलत. ओंटारिओत या टक्केवारीला किंमत नाही. इथला प्रत्येक अर्ज विचारतो की रोजच्या जीवनात तुम्हाला काय करता येत नाही, काय करायला इतरांपेक्षा फार वेळ लागतो आणि हे किती काळापासून आहे. त्यामुळे यूडीआयडी कार्ड जवळ ठेवा, पण खरा उपयोग पुढील कागदांचा होतो:

- उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे इंग्रजीतील पत्र, ज्यात अपंगत्व केव्हापासून आहे आणि त्यामुळे कोणत्या क्रिया अडतात हे स्पष्ट लिहिलेले असेल
- शस्त्रक्रियांचे अहवाल, क्ष-किरण आणि एमआरआय, श्रवणचाचणीचा आलेख, दृष्टीचा अहवाल
- मुलासाठी मानसशास्त्रज्ञाचा मूल्यांकन अहवाल, थेरपिस्टची टिपणे, शाळेचे प्रगतिपुस्तक, लसीकरणाची नोंद
- औषधांची यादी, दुकानातील नावांऐवजी मूळ औषधाच्या नावाने
- कॅलिपर, कृत्रिम पाय, श्रवणयंत्र यांची मोजमापे, मॉडेल आणि बिले

मराठीतील कागदांचे प्रमाणित भाषांतर इथे महाग पडते, ते भारतातच करून घ्या. कुबड्यांचे रबरी बूच, कॅलिपरचे पट्टे आणि श्रवणयंत्राचे सुटे भाग जास्तीचे आणा. विजेवर चालणारी खुर्ची आणत असाल, तर तिचा चार्जर १२० व्होल्टवर चालतो का हे पाहा. भारतात तो २३० व्होल्टवर चालत असतो. विमान कंपनीला बॅटरीच्या प्रकारासह आगाऊ आणि लेखी कळवा.

३. घर शोधताना बेसमेंटचा मोह टाळा

ही पायरी मी सर्वांत महत्त्वाची मानते, कारण एकटेपणाची सुरुवात बहुधा इथून होते. नव्याने आलेल्या कुटुंबाला ब्रॅम्प्टन, मिसिसागा किंवा स्कारबरोत ओळखीतून बेसमेंट, म्हणजे कोणाच्या तरी घराच्या तळघरातले भाड्याचे घर, मिळते. भाडे कमी, घरमालक आपल्याकडचा, जवळ भारतीय किराणा. पण बेसमेंट म्हणजे अरुंद जिना, बहुतेकदा बाजूचा दरवाजा आणि त्या दरवाजापुढे साचलेला बर्फ. जो माणूस ऑक्टोबरमध्ये कसाबसा जिना चढत होता, तो डिसेंबरपासून मार्चपर्यंत बाहेर पडत नाही. ‘दोन-तीन महिने काढू’ असे म्हणत घेतलेल्या घरात बहुतेक जण वर्षभर राहतात, आणि नेमके तेच वर्ष ओळखी होण्याचे असते.

जुनी असली तरी लिफ्ट असलेली भाड्याची इमारत पाहा. तिथे जाऊन चार गोष्टी तपासा: रस्त्यापासून लिफ्टपर्यंत एकही पायरी आहे का, न्हाणीघराच्या दरवाजाची रुंदी किती आहे, लिफ्ट बंद पडल्यास दुसरी आहे का, आणि बसथांबा किती अंतरावर आहे. एक खोली कमी मिळाली तरी चालेल, पण दिव्यांग व्यक्तीला कोणालाही हाक न मारता घराबाहेर पडता आले पाहिजे.

ओंटारिओचा मानवी हक्क कायदा भाडेकरूंनाही लागू आहे. उतार बसवणे, दरवाजाची कळ बदलणे अशा गरजा भागवण्याची जबाबदारी घरमालकावर येते. फार मोठी आर्थिक अडचण किंवा सुरक्षिततेचा धोका सिद्ध केला तरच त्याला त्यातून सुटता येते. मात्र एक अपवाद नव्याने येणाऱ्यांना हमखास लागू पडतो: तुम्ही घरमालकाच्या कुटुंबाबरोबर स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर वापरत असाल, तर राहण्याच्या जागेबाबतचे हे संरक्षण मिळत नाही.

४. पहिल्या आठवड्यांतली कामे

केंद्र सरकारच्या सर्व्हिस कॅनडा कार्यालयातून नोकरी आणि करासाठी लागणारा सिन क्रमांक घ्या आणि प्रांताच्या सर्व्हिसओंटारिओ कार्यालयात ओहिप, म्हणजे प्रांताच्या आरोग्य विम्यासाठी, अर्ज करा. ओहिपची पूर्वीची तीन महिन्यांची प्रतीक्षा मार्च २०२० पासून उठवण्यात आली आहे. जुन्या माहितीवर विसंबून थांबू नका. पीआरचा, म्हणजे कायम रहिवासाचा, पुरावा, ओंटारिओतील पत्त्याचा पुरावा आणि ओळखीचा पुरावा असे तीन वेगवेगळे मूळ कागद लागतात. इथेच एक अडचण येते: भाडेकरार आणि बँकेचे पत्र दोन्ही कमावत्या माणसाच्या नावे असतात आणि दिव्यांग पत्नीकडे किंवा वृद्ध आईकडे पत्त्याचा एकही पुरावा नसतो. करारावर दोघांची नावे घाला आणि बँकेत तिचे स्वतंत्र खाते उघडा.

सर्व्हिसओंटारिओच्याच कार्यालयात दिव्यांग वाहनतळाचा परवाना मिळतो. तो विनामूल्य असतो आणि गाडीला नव्हे तर व्यक्तीला दिला जातो. म्हणून स्वतःची गाडी नसली तरी तो काढा, कोणाच्याही गाडीतून जाताना चालतो.

कुटुंबाचा डॉक्टर मिळणे कठीण असते. हेल्थ केअर कनेक्ट या सरकारी यादीत नाव घालाच, पण जवळच्या कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्येही चौकशी करा. तिथे डॉक्टरांबरोबर परिचारिका आणि समाजसेवकही असतात, आणि अनेक केंद्रे ओहिप नसलेल्यांनाही पाहतात. काहीच सुचत नसेल, तर २११ हा क्रमांक फिरवा. तो सामाजिक सेवांची माहिती देतो आणि दुभाष्याची सोय करतो.

विद्यार्थी म्हणून आलेल्यांना ओहिप मिळत नाही. तरी महाविद्यालयाच्या अपंग सेवा कक्षात परीक्षेसाठी जादा वेळ, टिपणे घेणारा मदतनीस अशा सोयी परदेशी विद्यार्थ्यांनाही मागता येतात.

५. टी-२२०१: हा एक अर्ज अनेक दारे उघडतो

केंद्रीय कर खात्याकडे अपंगत्व कर सवलतीसाठी टी-२२०१ नावाचा अर्ज करायचा असतो. ‘आमचे उत्पन्नच नाही, कर कसला’ असे म्हणून बरेच जण तो बाजूला ठेवतात. तसे करू नका. ही पात्रता मंजूर असेल तरच अपंगांसाठीची आरडीएसपी ही बचत योजना उघडता येते, ज्यात उत्पन्नानुसार सरकार आयुष्यभरात ७०,००० डॉलरपर्यंत अनुदान आणि ‘बाँड’ या नावाने २०,००० डॉलरपर्यंत रक्कम घालते. जुलै २०२५ पासून सुरू झालेल्या केंद्रीय अपंगत्व भत्त्यासाठी, जो कमी उत्पन्न असलेल्या १८ ते ६४ वयोगटाला मिळतो आणि सुरुवातीला महिन्याला २०० डॉलरपर्यंत होता, हीच पात्रता लागते. शिवाय स्वतःचे कर विवरणपत्रही भरावे लागते, म्हणून उत्पन्न शून्य असले तरी ते दरवर्षी भरा. भत्त्याची रक्कम थोडी आहे हे खरे, परंतु ती दिव्यांग व्यक्तीच्या स्वतःच्या खात्यात येते, आणि घरात दर वेळी हात पसरावा न लागणे ही माझ्या लेखी मोठी गोष्ट आहे.

अर्ज नाकारला जातो तो बहुधा लिहिण्याच्या पद्धतीमुळे. डॉक्टर फक्त रोगाचे नाव लिहितात. कर खात्याला हवा असतो परिणाम. कमीत कमी १२ महिने टिकणारी आणि जवळपास सर्व वेळ, म्हणजे किमान ९० टक्के वेळ, जाणवणारी मर्यादा दाखवावी लागते. डॉक्टरांकडे जाताना स्वतःचे एक पान लिहून न्या: शंभर मीटर चालायला किती वेळ लागतो, किती वेळा थांबावे लागते, कपडे घालायला कोणाची मदत लागते. आपल्याकडच्या माणसाला, विशेषतः बाईला, ‘माझे मी सगळे करते’ असे सांगायची सवय असते. अर्जात सगळ्यांत चांगल्या दिवसाचे वर्णन करू नका, नेहमीच्या दिवसाचे करा.

हा अर्ज केवळ डॉक्टरांनीच भरावा असे नाही. चालण्याबाबत फिजिओथेरपिस्ट, दृष्टीबाबत ऑप्टोमेट्रिस्ट, ऐकण्याबाबत ऑडिओलॉजिस्ट, मानसिक क्रियांबाबत मानसशास्त्रज्ञ, आणि सर्वच बाबतींत नर्स प्रॅक्टिशनर तो प्रमाणित करू शकतात. ‘सवलत मिळवून देतो, मिळालेल्या रकमेतला हिस्सा द्या’ म्हणणाऱ्या दलालांची गरज नाही.

प्रांताची ओडीएसपी ही मासिक मदत वेगळी आहे. ती १८ वर्षांवरील, गरजू आणि लक्षणीय अपंगत्व असलेल्यांना मिळते. तिथे एक धोका लक्षात ठेवा. तुम्हाला कोणी पुरस्कृत (स्पॉन्सर) करून बोलावले असेल, तर हमीचा काळ, पती-पत्नीसाठी तीन वर्षे आणि आईवडिलांसाठी वीस वर्षे, संपेपर्यंत घेतलेली मदत पुरस्कर्त्याच्या अंगावर कर्ज म्हणून येऊ शकते. दुसरीकडे, अपंगत्वामुळे सरकारी मदत घेणाऱ्या व्यक्तीला स्वतःच्या जोडीदाराला बोलावता येत नाही, हा समज चुकीचा आहे. सामाजिक मदत घेणाऱ्यावरची ती बंदी अपंगत्वाच्या कारणाने मदत घेणाऱ्याला लागू नाही.

६. एकट्याने प्रवास सुरू करा

टोरांटोत व्हील-ट्रान्स आणि पील भागात (ब्रॅम्प्टन, मिसिसागा) ट्रान्सहेल्प या दारापर्यंत येणाऱ्या सेवा आहेत. भाडे साध्या बसपेक्षा जास्त नसते. अर्जाचा एक भाग वैद्यकीय व्यावसायिकाकडून भरून घ्यावा लागतो, आणि पात्रता पूर्ण, तात्पुरती किंवा काही परिस्थितींपुरती मिळू शकते. उन्हाळ्यात साधी बस जमत असली, तरी बर्फात थांब्यापर्यंत जाता येत नाही हे अर्जात स्पष्ट लिहा. ही बाब पात्रतेत धरली जाते. सोबतीला माणूस लागत असेल, तर टोरांटोच्या परिवहन सेवेचे सोबत्याचे कार्ड काढा, म्हणजे त्याचे तिकीट लागत नाही.

तरीही सर्व प्रवास व्हील-ट्रान्सवर सोपवू नका. तिची वेळ आधी ठरवावी लागते, आणि अचानक ठरलेल्या चहाला जाता येत नाही. साध्या बसचा उतार खाली घ्यायला सांगण्याचा सराव करा. बसमध्ये प्रत्येक थांब्याची घोषणा होते, ती आपोआप सुरू झालेली नाही: डेव्हिड लेपोफ्स्की या अंध वकिलांनी २००५ आणि २००७ मध्ये मानवी हक्क न्यायाधिकरणात टोरांटोच्या परिवहन सेवेविरुद्ध दोन खटले जिंकले, तेव्हा ती नियमाने होऊ लागली. भुयारी रेल्वेने जाण्यापूर्वी त्या दिवशी स्थानकाची लिफ्ट चालू आहे का हे पाहून घ्या. घरासमोरचा पदपथ साफ झाला नसेल, तर महापालिकेच्या ३११ क्रमांकावर तक्रार नोंदवा. कुबड्या वापरणाऱ्यांनी बर्फावर रुतणारी, उलटवता येणारी धातूची टोके पहिल्या बर्फापूर्वीच घ्यावीत.

७. उपकरणे: आधी मूल्यांकन, मग खरेदी

ओहिपधारकांना प्रांताच्या सहायक उपकरण योजनेतून चाकाची खुर्ची, कॅलिपरसारखी ऑर्थोटिक साधने अशा अनेक वस्तूंच्या किमतीचा ७५ टक्के भाग मिळतो. ओडीएसपी घेणाऱ्यांना पूर्ण. श्रवणयंत्रासाठी प्रत्येक कानामागे ठरावीक रक्कम मिळते. योजनेत नोंदलेल्या तज्ज्ञाकडून आधी मूल्यांकन आणि नोंदलेल्याच विक्रेत्याकडून खरेदी, हा क्रम आहे. आधी विकत घेऊन मग बिल पाठवले, तर पैसे मिळतील असे समजू नका.

८. शाळा आणि नोकरी

मुलासाठी शाळेकडे आयईपी, म्हणजे वैयक्तिक शिक्षण आराखडा, मागा. मुलाच्या विशेष गरजा ठरवणाऱ्या आयपीआरसी समितीची बैठक घेण्याची विनंती पालकांनी लेखी केली, तर मुख्याध्यापकांना ती पुढे न्यावीच लागते. तोंडी बोलणे सौजन्याचे वाटते, पण त्याची नोंद राहत नाही. साधा ईमेल पाठवा. बैठकीला दुभाषी किंवा माहीतगार मित्र नेता येतो. मूल घरी मराठी बोलते म्हणून ते मागे आहे, असा तर्क कोणी मांडल्यास भारतातील मूल्यांकन अहवाल पुढे ठेवा.

नोकरीच्या मुलाखतीसाठी लागणारी सोय आधी मागता येते, आणि त्यासाठी निदान सांगण्याची गरज नसते. गरज कोणती आहे एवढे सांगणे पुरते.

९. माणसे जोडा, आपल्या मंडळींतही आणि बाहेरही

आपल्या लोकांत सामावणे कधी कधी परक्यांपेक्षा अवघड असते, हे मी दुःखाने लिहिते आहे. इथले बहुतेक घरगुती समारंभ बेसमेंटमध्ये होतात, दाराशी दोन-तीन पायऱ्या असतात आणि न्हाणीघर वरच्या मजल्यावर असते. एका हळदीकुंकवाला मला उचलून आत नेण्याची तयारी सगळ्यांनी प्रेमाने दाखवली, पण पुढच्या वेळी ‘तुम्हाला उगाच त्रास’ म्हणून बोलावणेच आले नाही. कोणाच्याही मनात वाईट नव्हते, तरीही दार बंद झाले.

यावर उपाय एकच: पहिले आमंत्रण तुम्ही द्या. बहुतेक मोठ्या इमारतींत पार्टी रूम असते आणि तिथे बहुधा पायऱ्यांशिवाय जाता येते. सार्वजनिक ग्रंथालयांतही सभेच्या खोल्या मिळतात. एकदा लोकांनी तुम्हाला यजमान म्हणून पाहिले, की पुढच्या वेळी ते जागा ठरवताना तुमचा विचार करतात. गणेशोत्सवाच्या सभागृहाबाबत मंडळाच्या कार्यकारिणीला महिनाभर आधी लिहा आणि व्यासपीठावर चढण्याचा मार्गही विचारा, कारण प्रेक्षागृहात चाक जाते पण आरतीला वर जाता येत नाही. नुसते प्रेक्षक राहू नका. नोंदणी, निवेदन, हिशेब, जे जमेल ते काम मागून घ्या.

काही कुटुंबे मुलाचे अपंगत्व मराठी वर्तुळापासून लपवतात, बहिणीच्या लग्नाची काळजी म्हणून किंवा प्रश्नांचा कंटाळा येतो म्हणून. अशा घरांना माझी कळकळीची विनंती आहे की निदान एका कुटुंबाला तरी विश्वासात घ्या. स्वमग्न मुलांच्या दक्षिण आशियाई पालकांसाठी स्कारबरोत साआक ऑटिझम सेंटर आहे. तिथे पालकांना आपल्यासारखी घरे भेटतात. प्रौढांसाठी सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग इन टोरांटो ही दिव्यांगांनीच चालवलेली संस्था मदतनिसांच्या सेवेपासून समदुःखी व्यक्तींच्या सल्ल्यापर्यंत मार्ग दाखवते. अंध व्यक्तींसाठी १९१८ पासून सीएनआयबी आहे. कर्णबधिरांनी हे लक्षात घ्यावे की इथे अमेरिकन सांकेतिक भाषा चालते आणि ती भारतीय सांकेतिक भाषेहून वेगळी आहे. तिच्या वर्गात लवकर नाव घालणे हे इंग्रजीच्या वर्गाइतकेच निकडीचे आहे. ईस्टर सील्सचे ॲक्सेस टू कार्ड असेल, तर चित्रपटगृहे आणि अनेक प्रेक्षणीय स्थळी सोबत्याला मोफत किंवा सवलतीत प्रवेश मिळतो.

१०. नकार आला तर

२००५ च्या सुगम्यता कायद्याने ओंटारिओ २०२५ पर्यंत पूर्ण सुगम करण्याचे ठरवले होते. ते झालेले नाही, हे तुम्हाला पहिल्याच महिन्यात दिसेल. म्हणून नकार लेखी मागा आणि तारीख, वेळ, बोलणाऱ्याचे पद टिपून ठेवा. व्हील-ट्रान्स, टी-२२०१ आणि ओडीएसपी या तिन्हींच्या निर्णयांवर फेरविचार मागता येतो. त्याची मुदत नकाराच्या पत्रात असते. भेदभावाची तक्रार मानवी हक्क न्यायाधिकरणाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत करावी लागते. त्यासाठी ह्यूमन राइट्स लीगल सपोर्ट सेंटरकडून, आणि अपंगत्वाच्या प्रश्नांवर टोरांटोतील आर्च डिसॅबिलिटी लॉ सेंटरकडून विनामूल्य कायदेशीर सल्ला मिळतो. फोन करताना दुभाषी हवा असल्यास सुरुवातीलाच सांगा, आणि दिव्यांग व्यक्ती बोलू शकत असेल तर फोन तिच्याच हातात द्या. पहिल्या संभाषणात ते तिचेच म्हणणे लिहून घेतात.